सोलापूरहून ओपन सोर्स कॉन्फरन्सला जायचंय: बारा जणांनी जावं की चौघांनी?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे: सोलापुरात तुमचा बारा जणांचा ग्रुप, बहुतेक इंजिनिअरिंगची मुलंमुली आणि दोन शिक्षक, दीड वर्ष झालं दर रविवारी बसून लिबरऑफिस आणि फायरफॉक्स या ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, सॉफ्टवेअरचं मराठी तपासता, बग म्हणजे त्यातल्या चुका नोंदवता, मधूनमधून ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या नकाशावर सोलापूर भरता. सप्टेंबरात बंगळुरूला कॉन्फरन्स आहे आणि तुम्ही विचारताय टॉक द्यावा का स्टॉल लावावा, किती जणांनी जावं, पैशाचं काय. आणि सगळ्यात खाली, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य, "आमच्यात कोड लिहिणारे दोनच आहेत, मग तिथे आम्ही नेमकं काय म्हणून जायचं?"

मला विचाराल तर खरा प्रश्न हा शेवटचाच आहे. काय म्हणून जायचं हे ठरलं नाही तर बारा जण जा नाहीतर दोघं जा, दोन दिवस हॉलमध्ये बसून, टीशर्ट घेऊन, फोटो काढून परत येणार. आणि ते ठरलं की किती जण, टॉक का स्टॉल, कुणाची ड्युटी कधी, हे सगळं एका रविवारच्या बैठकीत उरकतं. म्हणून मी शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो.

मी सोलापूरचाच. २०११ साली पायकॉन इंडिया, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची कॉन्फरन्स, पुण्याला झाली होती तेव्हा हुतात्मा एक्सप्रेसनं गेलो होतो, ती माझी पहिली कॉन्फरन्स. त्यानंतर कॉलेजातल्या छोट्या कार्यक्रमापासून मोठ्या कॉन्फरन्सपर्यंत बरंच फिरलो, कधी टॉक दिला, कधी स्टॉलवर उभा राहिलो आणि बऱ्याच वेळा रजिस्ट्रेशन टेबलवर बॅज वाटत बसलो, हे सगळं नोकरी सांभाळून, रजा टाकून. तेव्हा पुढचं जे काही लिहितोय ते यातूनच आलेलं आहे, दुसऱ्या कुणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

आधी एक सांगतो, बरंच काही कॉन्फरन्स कुठली आहे यावर असतं आणि तुम्ही नाव लिहिलेलं नाही. ब्रसेल्सचं फॉसडेम घ्या, जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरवातीला शनिवार-रविवार, युनिव्हर्सिटीच्या आवारात, फुकट, नावनोंदणीसुद्धा नाही, हजारो लोक येतात आणि प्रोजेक्टांचे स्टॉल हा तिथला मोठा भाग असतो. डेबियन ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांचं डेबकॉन्फ एकदम वेगळं, २०२३ ला ते कोचीला झालं, तिथे लोक आठवडाभर एकत्र राहतात, जेवतात, शेजारी बसून काम करतात, तिथे जाऊन स्टॉल कुठे लावू विचारण्यात अर्थ नाही. पायकॉनमध्ये टॉक आणि वर्कशॉपवर भर. बंगळुरूच्या इंडियाफॉसमध्ये टॉकही असतात आणि प्रोजेक्टांना बूथही मिळतात. त्यामुळे स्टॉल मिळतो का, अर्जाची मुदत कधी, टेबलाला वीज आणि इंटरनेट आहे का, प्रवासाला काही मदत आहे का, एवढं आयोजकांच्या साईटवर आजच बघून घ्या आणि नसेल लिहिलेलं तर मेल टाका. संकोच करू नका, आयोजकही आपल्यासारखेच कामधंदा करून हे करणारे असतात, पण त्याच कारणानं शेवटच्या आठवड्यात त्यांना असले प्रश्न विचारू नका.

आता काय म्हणून जायचं ते. ओपन सोर्स म्हणजे कोडच, बाकीचं सगळं वरकाम, हा समज तुमच्या वाक्यात अजून आहे आणि तो सोलापूर स्टेशनवरच सोडून गाडीत बसा असं मी अगदी कळकळीनं सांगतो. ज्या माणसानं स्क्रीनवर अक्षर काढायचा कोड लिहिलाय त्याला बहुतेक वेळा मराठी वाचता येत नाही. अक्षर उमटलं एवढं त्याला दिसतं, ते बरोबर उमटलं का हे तुम्हालाच कळतं. तुम्ही सांगितलं नाही तर ते त्याला कधीच कळणार नाही.

एकदा आमच्या टेबलावर आम्ही एक जुना लॅपटॉप नुसता उघडून ठेवला होता आणि बाजूला कागदावर स्केचपेननं मोठे चार शब्द: आचार्यांना, आचाऱ्यांना, दर्या, दऱ्या. येणाऱ्याला म्हणायचो, हे टाईप करून बघा. जेवणानंतर एक जण आला, तो एका एडिटरच्या सर्चवर काम करायचा, मराठीचा गंध नाही. मी पहिल्या दोन शब्दांवर बोट ठेवून विचारलं, फरक दिसतो का. त्यानं वाकून बघितलं आणि म्हणाला, एकात रेघ वर आहे, एकात मध्येच आहे. म्हटलं, वरची रेघ असली तर ते शिकवणारे गुरुजी आणि मधली असली तर लग्नात स्वयंपाक करणारे. मग त्याला 'दऱ्या' हा शब्द एका फाईलमध्ये दोनदा लिहिलेला दाखवला, डोळ्याला हुबेहूब सारखा, आणि सर्च मारला तर एकच सापडला. तो स्क्रीनकडं बघतच राहिला.

कारण असं आहे की हा जो मधल्या रेघेचा अर्धा र आहे तो युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे खाली टिंब असलेला ऱ, त्याला हलन्त, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्याच्यापुढं झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं अक्षर, मग य. इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर शिफ्ट दाबून इंग्रजी J ची कळ मारली की टिंबवाला ऱ येतो, काही फोनेटिक कीबोर्ड दुसरा प्रकार देतात, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी लेखनं एकसारखी करणं, केलं तरी हे दोन एक होत नाहीत. म्हणजे तलाठ्याच्या यादीत एखाद्याचं आडनाव एका पद्धतीनं पडलं आणि शोधणाऱ्यानं दुसऱ्या पद्धतीनं टाईप केलं तर तो माणूस यादीत असून नसल्यासारखा. हे मी सांगितलं तसा तो खुर्ची ओढून बसला. तेवढ्यात बाजूला उभी असलेली एक कन्नड मुलगी म्हणाली, आमच्याकडंही र आणि य जोडताना असंच होतं, 'रँक' लिहायचं तर तो जॉइनर घालावा लागतो, नाहीतर र भलत्याच रूपात पुढं जाऊन बसतो. मग तिघांनी मिळून तिथंच इश्यू, म्हणजे त्या चुकीची प्रोजेक्टकडं रीतसर नोंद, लिहिला, कुठला क्रम टाईप केला, काय दिसायला पाहिजे, काय दिसतं, दोन भाषांची उदाहरणं. त्यात आमच्या बाजूनं कोडची एक ओळही नव्हती आणि तो माणूस जाताना म्हणाला की दोन दिवसांत त्याला मिळालेलं सगळ्यात कामाचं हेच.

तर तुमच्या दीड वर्षाच्या कामात असं एखादं अडकलेलं असणारच. या रविवारी सगळ्यांनी आपापले नोंदवलेले बग, चिडचिड झालेल्या गोष्टी फळ्यावर लिहा आणि त्यातली एकच निवडा, दोन मिनिटांत दाखवता येईल अशी, इंटरनेट नसलं तरी लॅपटॉपवर करून दाखवता येईल अशी आणि जी सोडवू शकणारा माणूस त्या कॉन्फरन्सला येण्याची शक्यता आहे अशी. ल आणि श चंच घ्या, २००९ च्या शासन निर्णयानं मराठीची वळणं ठरवून दिलीत, कित्येक फॉन्टमध्ये ती आहेतही, पण प्रोग्रॅमनं हा मजकूर मराठी आहे असं फॉन्टला सांगितलं नाही तर हिंदी वळणच उमटतं, हे शेजारी शेजारी दाखवलं की मराठी न येणाऱ्यालाही लगेच दिसतं. किंवा नकाशा. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच चौकाचं नाव वेगवेगळ्या भाषांच्या टॅगमध्ये भरता येतं आणि मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू घरात बोलणारी माणसं एका बैठकीत असणं हे मोठमोठ्या शहरांतल्या ग्रुपना जमत नाही, तुमच्याकडं ते आपसूक आहे. तुमच्यातलं कुणीतरी घरी आजीशी तेलुगू बोलत असणार, त्याला आत्तापर्यंत हे ग्रुपच्या कामाचं आहे असं वाटलंच नसेल, त्याला विचारा.

किती जणांनी जावं, तर बारा जणांनी जाऊ नका. चौघं, फार तर पाच.

आम्ही पहिल्यांदा ग्रुप म्हणून गेलो तेव्हा अकरा जण होतो. अकरा जण म्हणजे काय होतं, सगळे एकमेकांशीच बोलतात, जेवायला एकत्र, चहाला एकत्र, संध्याकाळी खोलीवर एकत्र, आणि टेबलावर कोण थांबणार हे कुणाचंच काम नसतं. पहिल्या दिवशी दुपारी आम्ही सगळेच्या सगळे जेवायला गेलो, परत आलो तर टेबलावर एक चिठ्ठी, ज्या प्रोजेक्टच्या मेंटेनरला, म्हणजे तो सांभाळणाऱ्या माणसाला, भेटायला म्हणून आम्ही एवढ्या लांब गेलो होतो तो स्वतः येऊन वीस मिनिटं थांबून गेला होता, संध्याकाळची त्याची फ्लाईट होती. ती चिठ्ठी मी अजून ठेवलीय.

तेव्हापासून नियम असा की टेबलावर कायम दोघं, दोन तासांची पाळी, कागदावर लिहिलेली, आणि जेवणाच्या वेळेची पाळी सगळ्यात आधी भरायची. चौघं असले की दोन टेबलावर, दोन फिरायला मोकळे, हिशोब सरळ बसतो. दोघंच का, तर एक जण बोलत असताना दुसऱ्यानं लिहून घ्यायचं असतं आणि एकट्यानं उभं राहिलं की पाणी प्यायलाही हलता येत नाही.

कुठले चौघं, हे मात्र नाजूक आहे आणि ते तुम्हालाच ठरवायचंय. माझं मत विचाराल तर सगळ्यात हुशार चौघं निवडू नका. निवडलेला विषय पूर्ण माहीत असलेला एक, अनोळखी माणसाशी आपणहून बोलणारा एक, सगळं नीट लिहून ठेवणारा एक आणि एक अगदी नवा, जो गेल्या सहा महिन्यांत ग्रुपमध्ये आलाय. नव्याला न्यायचं कारण असं की तो परत येऊन पुढची दोन-तीन वर्षं ग्रुप ओढतो, हे मी वारंवार बघितलंय. आणि यावर्षी कोण नाही गेलं त्यांचं पुढच्या वर्षी आधी, हेही आत्ताच ठरवून लिहून ठेवा, नाहीतर चांगले ग्रुप या एका गोष्टीवरून फुटतात.

राहिलेले आठ जण सोलापुरात काय करणार, याकडं कुणी लक्ष देत नाही आणि माझ्या मते निम्मं यश तिथं आहे. त्या दोन दिवसांत त्यांनी एके ठिकाणी जमायचं, कॉलेजची लॅब मिळाली तर उत्तम. टेबलावरचा माणूस जे लिहून घेतो त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो आणि घरची मंडळी त्याच दिवशी त्याचा रीतसर इश्यू करतात, स्क्रीनशॉट जोडतात, दुसऱ्या मशीनवर तपासून बघतात. कुणी विचारलं की हे विंडोजवरही होतं का, तर टेबलावरचा माणूस बघून सांगतो म्हणण्याऐवजी पाच मिनिटांत उत्तर देतो. समोरच्याला यातून कळतं की यांच्या मागं एक चालती टीम आहे. घरच्यांनाही आपण नुसतं स्टेटस बघत बसलोय असं वाटत नाही.

टॉक का स्टॉल? जमलं तर दोन्ही, एकच करायचं झालं तर तुमच्यासाठी स्टॉल. टॉकला निवड व्हावी लागते, वीस-तीस मिनिटं मिळतात आणि प्रश्न विचारायला दोन माणसं उठतात. स्टॉलवर दिवसभर माणूस येत राहतो आणि तुमचं काम दाखवायचं आहे, ऐकवायचं कमी. पण टॉकचं प्रपोजल तरीही टाकाच, छोट्या पाच-दहा मिनिटांच्या लाइटनिंग टॉकला टाका, कारण प्रपोजल लिहिताना आपल्याला काय म्हणायचंय ते आपल्यालाच पहिल्यांदा स्पष्ट होतं. फक्त 'ओपन सोर्स आणि मराठी: आव्हाने व संधी' असलं नाव देऊ नका, निवडणाऱ्यासमोर असली ढिगानं नावं येतात. 'सारखे दिसणारे दोन शब्द सर्चला सापडत का नाहीत: मराठी अर्ध्या र ची गोष्ट' असं लिहा. पहिल्या दोन ओळींत प्रश्न, मग तुम्ही काय केलं, मग ऐकणाऱ्याला काय घेऊन जाता येईल. तुमच्या इश्यूंच्या लिंक जोडा, निवडणारे लोक त्या उघडून बघतात आणि कधी कधी पानभर मजकुरापेक्षा त्या लिंका जास्त बोलतात. टॉक इंग्रजीत द्यावा लागेल बहुधा, त्याचं दडपण घेऊ नका, साधी छोटी वाक्यं, आणि डेमो चालू असताना गप्प राहिलं तरी चालतं. ओघात एखादा मराठी शब्द आला तर आला.

स्टॉलच्या सामानाबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण इथं चुका होतात आणि त्या दुरुस्त करायला तिथं वेळ नसतो.

बॅनर. आपल्याकडं फ्लेक्सवाले बहुतेक जुन्या फॉन्टवर काम करतात, तुम्ही युनिकोडमध्ये मजकूर दिला की त्यांच्या मशीनवर जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या उलट्या बाजूला जातात. आमचा एक बॅनर असाच आला होता, 'मुक्तस्रोत' मधला स्र सुटा झालेला, खाली हलन्त दिसत होता, आणि आम्ही निघालो होतो मराठी बरोबर दिसावं म्हणून बोलायला. दुकानदाराची चूक नव्हती, त्याच्याकडं जे सॉफ्टवेअर होतं त्यात ते तसंच दिसत होतं आणि आम्ही प्रूफ बघायला गेलोच नव्हतो. तेव्हा इंकस्केप या डिझाईनच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅनर करा, सगळा मजकूर पाथमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत, बदला, दुकानदाराच्या भाषेत कर्व्ह करून द्या, पीडीएफ काढा आणि छापायच्या आधी त्याच्या स्क्रीनवर स्वतः उभं राहून अक्षर अन् अक्षर वाचा. निघायच्या आदल्या दिवशी छापू नका, चार दिवस हातात ठेवा. उभी रोल-अप स्टँडी घ्या, गाडीत बर्थखाली जाते.

टेबलक्लॉथ विकत घेऊ नका, घरातली एक सोलापुरी चादर न्या. हे नुसतं गावाच्या अभिमानापोटी सांगत नाहीये. जाड असते म्हणून सरकत नाही, पुढून खालपर्यंत सोडली की टेबलाखाली ठेवलेल्या बॅगा झाकल्या जातात, आणि लांबून माणसं त्या नक्षीकडं बघत येतात, ही कुठली म्हणून विचारतात, तिथून बोलणं सुरू होतं. शेंगा चटणी आणि कडक भाकरीचे तुकडेही ठेवा, पण समोर ठळक अक्षरात 'यात शेंगदाणे आहेत' असं इंग्रजीतही लिहून ठेवा, काही लोकांना शेंगदाण्याची जोरदार ॲलर्जी असते आणि हे विसरण्यासारखं नाही.

पाच मीटरचं एक्स्टेन्शन बोर्ड न्या, प्लग पॉइंट नेहमी टेबलाच्या विरुद्ध बाजूला असतो. डेमोचा लॅपटॉप वेगळा ठेवा, त्यावर कुणाचाही वैयक्तिक अकाऊंट नको, लोक त्याला हात लावणार आहेत. त्यावर मराठी, कन्नड, तेलुगू कीबोर्ड आधीच टाकून ठेवा, बंगळुरूत कन्नड माणूस आपली भाषा दिसली की थांबतोच. स्टिकर थोडे पण चांगले. आणि एक जाड वही. मोबाईलवर लिहून घेऊ म्हणतात सगळे, पण समोरच्याशी बोलताना फोनमध्ये बघितलं की त्याला वाटतं आपण कंटाळलोय, वहीत लिहिलं की त्याला वाटतं आपण त्याचं म्हणणं नोंदवून घेतोय. प्रत्येक पानावर नाव, तो कशावर काम करतो, काय बोलणं झालं, आपण त्याला काय पाठवायचं कबूल केलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

पैसे. प्रवास, राहणं, जेवण आणि छपाई एवढाच खर्च असतो, तिकीट असेल तर ते. गाडी म्हणाल तर हसन एक्सप्रेस इथूनच सुटते, उद्यान एक्सप्रेस मुंबईहून येऊन पुढं बंगळुरूला जाते, दोन्ही रात्रभराच्या, एक रात्रीची लॉज वाचते. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० नाही, १ नोव्हेंबर २०२४ पासून ते बदललं, आणि सप्टेंबर म्हणजे गणपतीची गर्दी, त्यामुळे उघडल्या उघडल्या तिकीट काढा. टॉक निवडला जायची वाट बघत बसू नका, कॅन्सल केल्यावर जे कापतात ते शेवटच्या क्षणी तत्काळमागं पळण्यापेक्षा कमीच पडतं. प्रवासासाठी मदत देणाऱ्या कॉन्फरन्स असतात, डेबकॉन्फला बर्सरी, म्हणजे खर्चासाठी मदत, असते, पण प्रवासाचे पैसे बऱ्याच वेळा आधी आपण भरायचे आणि नंतर पावत्या दाखवून मिळवायचे अशी पद्धत असते, तेव्हा तेवढी रक्कम आधी हातात लागते. प्रत्येक तिकिटाचा, पावतीचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा. गावातल्या एखाद्या दुकानदाराकडून, कारखानदाराकडून मदत मिळाली तर घ्या, त्याचं नाव स्टॉलवर कुठं आणि किती मोठं येईल हे आधी बोलून घ्या. मात्र ज्या मुलाला परवडत नाही म्हणून तो मागं राहतोय असं दिसलं तर त्याचा खर्च ग्रुपनं उचला आणि तो कुणाचा उचलला हे ग्रुपमध्ये जाहीर करू नका.

मुलींच्या घरच्यांचा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत पण तो येणार, सोलापुरात येतोच. चौघांत मुली असतील तर किमान दोघी, राहायचं ठिकाण कार्यक्रमाच्या जवळ आणि आधी ठरलेलं, आणि तुमच्यातल्या एका शिक्षकांनी स्वतः घरी जाऊन पालकांशी बोलावं, फोनवर नको. कार्यक्रमाची आचारसंहिता असते, तक्रार करायला माणसं नेमलेली असतात, ते पान छापून पालकांना दाखवा. आमच्याकडच्या एका मुलीच्या वडिलांनी ते पान पूर्ण वाचलं आणि मग हो म्हणाले. कॉलेजची हजेरी बुडू नये म्हणून आयोजकांकडून सहभागाचं पत्र आधीच मागून घ्या.

तिथं गेल्यावर सगळे टॉक ऐकायच्या मागं लागू नका. अशा कॉन्फरन्सचे टॉक बहुधा रेकॉर्ड होतात, घरी येऊन बघता येतात. समोरासमोर माणूस पुन्हा मिळत नाही. कुणाला भेटायचं त्यांची सात-आठ नावं आधीच वेळापत्रक बघून काढा, एक आठवडा आधी त्यांना दोन ओळींचं मेल टाका की आमचं टेबल आहे, अमुक गोष्ट दाखवायचीय, दहा मिनिटं मिळतील का. भेटल्यावर तक्रारीनं सुरवात करू नका, "तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी चालत नाही" हे वाक्य ऐकलं की माणूस आखडतो. आधी दाखवा, मग विचारा की आम्ही यात काय करू शकतो, टेस्ट डेटा देऊ का, भाषांतर तपासू का. फुकटात वेळ देणारा माणूस आहे तो, आपल्यासारखाच.

आणि मोकळ्या दोघांपैकी एकानं आयोजकांकडं दोन तासांचं स्वयंसेवकाचं काम मागून घ्या, हॉलमध्ये माईक फिरवणं, वेळ संपल्याचा बोर्ड दाखवणं, रजिस्ट्रेशन. तुमच्यातल्या नव्या मुलाला हे द्या. लाजाळू माणसाला 'आपण कोण' हे सांगावं लागत नाही, गळ्यात बॅज असतो आणि लोक आपणहून येऊन बोलतात, माझ्या निम्म्या ओळखी बॅज वाटताना झाल्यात.

परत आल्यावरचं काम मात्र लगेच करायला लागतं. वहीतला तो शेवटचा रकाना, ज्याला जे पाठवायचं कबूल केलं ते तीन दिवसांत गेलं पाहिजे. आठवडा उलटला की त्यालाही आठवत नाही आणि आपल्यालाही लाज वाटून ते राहून जातं. गाडीतच बसून वाटून घ्या, कोण कुणाला लिहिणार. पुढच्या रविवारी बाराही जण बसा आणि गेलेल्या चौघांनी घरच्या आठ जणांना एकेक गोष्ट लॅपटॉपवर करून दाखवायची, शिकलो ते सांगतो म्हणून नुसतं भाषण नको.

वेळेचा अंदाज हवा असेल तर माझा साधारण असा असतो: तीन महिने आधी विषय ठरलेला आणि प्रपोजल, स्टॉलचा अर्ज गेलेला, दोन महिने आधी तिकीट आणि राहायचं, एक महिना आधी डेमो पूर्ण चालणारा, दोन आठवडे आधी छपाई, एक आठवडा आधी मेल आणि पाळ्यांचा कागद. तुमच्याकडं यापेक्षा कमी दिवस असतील तर छपाई कमी करा, डेमोचा वेळ कापू नका.

विषय ठरला की मला कळवा. मी गावातच असतो, एखाद्या रविवारी तुमच्या बैठकीला येतो आणि माझ्या ऑफिसातला एक तमिळ मित्र आहे, त्याला देवनागरी अजिबात वाचता येत नाही, त्यालाही सोबत आणतो. त्याला समोर बसवून डेमो द्या, घड्याळ लावून, दोन मिनिटांत त्याला काय बिघडलंय ते बोट ठेवून दाखवता येतं का बघू.